सात नंबरची दोरी

९ जानेवारी

नदीवरच्या कॅम्पाची ऑर्डर पक्की झाली! बारा काठ्या, बाराही एकसारख्या, हंगाम उघडायच्या आत. त्यांचा वाटाड्या, म्हणजे पाहुण्यांना मासेमारीसाठी नदीवर नेणारा माणूस, स्वतः कारखान्यात येऊन सांगून गेला. कारखाना हे आपलं म्हणायला. घरामागची लांबट खोली, एक रंध्याचा ओटा, दोन खिडक्या आणि सगळीकडे बांबूचा भुसा. जाताना म्हणाला, "काका, एक नमुना आधी पाठवा. तो पाण्यावर चालला की बाकीच्या अकरा घेतल्याच समजा."

जन्मभर मी एकेक काठी केली. एक झाली की दुसरी. एकदम बारा कोणी मागितल्या नव्हत्या. हे जमलं तर ठकीची पुढची चिंता मिटली. नाही जमलं तर त्या नदीवर पुन्हा आपलं कोणी नाव घेणार नाही, कारण तिथे सगळे एकमेकांच्या काठ्या बघतात आणि बोलतात. ठकी म्हणजे माझी मुलगी. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ठकीच. रंधा आता तीच मारते. माझ्यापेक्षा सरळ मारते, हे तिला सांगायचं नाही, लगेच डोक्यावर बसेल.

संध्याकाळी हिला बातमी सांगितली तर ही म्हणाली, "झेपेल ना?" असल्या वेळी कोणी असं विचारतं का?

१२ जानेवारी

जेवताना जावई म्हणाला, "बाबा, काठीला नंबर कशाला लागतो? काठी ती काठी." शाळेत गणित शिकवतो आणि प्रश्न असे!

सांगितलं त्याला. आमच्या मासेमारीत गळाला गांडूळ नाही, शिसं नाही. पिसांची बांधलेली खोटी माशी असते, तिला वजन म्हणून नाही. मग फेकायचं काय? तर दोरी. दोरीच्या वजनाने काठी वाकते आणि सरळ होता होता दोरीला पुढे ढकलते. दोरी हलकी पडली तर काठी वाकतच नाही, सगळी दोरी पायाशी गोळा. जड पडली तर काठी पार मुठीपर्यंत लोळते आणि एखाद दिवशी कडाड मोडते. म्हणून दोरीला नंबर, तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून. आणि ज्या काठीला जी दोरी मानवते तो नंबर काठीवर.

"म्हणजे जोडी जमवायची," जावई म्हणाला.

"हो. तुमची जमली ना, तशी. थोडं नशीब लागतं."

टेबलाखालून ठकीने लाथ मारली. तिला मारायची होती मला, लागली जावयाला. त्याने कळवळून चमचा टाकला आणि मी पोट धरून हसलो.

नंबर ठरवायची आमची पद्धत मात्र त्याला पटली नाही. बाकीचे लोक काठीला वजनं टांगून किती वाकते ते मोजतात. मी मागच्या मैदानात उभा राहतो, डोळे मिटतो आणि ठकी दोऱ्या बदलत जाते. डोळे मिटायचे, कारण दोरीचा रंग दिसला की मन आधीच आकडा ठरवून बसतं. ज्या दोरीला काठी मुठीत जिवंत होते, तो नंबर. मग मुठीच्या वर काळ्या शाईने लिहायचा आणि वरून वार्निश मारायचं. एकदा लिहिला की लिहिला. जावई म्हणाला, "पण हात चुकला तर?" मी म्हटलं, "हात चुकत नाही."

२१ जानेवारी

नमुना तयार झाला. देखणी काठी! बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवलेल्या, पण सांधे भिंग लावूनसुद्धा सापडत नाहीत. सकाळी मैदानात गेलो आणि माझं डोकंच फिरलं.

डोळे मिटले, पाचची दोरी फेकली. मुठीत काही नाही. पुन्हा फेकली. काही म्हणजे काही नाही, केरसुणीचा दांडा धरावा तसं. सहाची लावली. किंचित काहीतरी. सातची लावली तेव्हा कुठे काठी जरा हलल्यासारखी वाटली.

"सात," मी म्हटलं.

ठकीने दोरी गुंडाळली. मग म्हणाली, "बाबा, पाचची दोरी तीरासारखी गेली. सातला काठी मुठीपर्यंत वाकतेय. मी बघितलं ना."

"बघून काय कळतं? हातात घेतलीस का?"

"घेतली. पाचच आहे."

आता ठकीने रंधा धरला तेव्हा मी तिला ओट्याशी उंची पुरावी म्हणून खोक्यावर उभी करत होतो. ती मला आकडा शिकवणार! मी सात लिहिला. सातची शेपटी वाकडी गेली. शाई भिकार आहे, दुकान बदललं पाहिजे. ठकीने वार्निश मारलं, पण तोंड असं केलं होतं की जणू कोणाच्या तोंडाला काळं फासतेय. दुपारी काठी पार्सलने रवाना केली.

मनात एक विचार येतो. गेल्या वर्षी याच मापाने केलेल्या काठ्यांवर मी पाच लिहिलं होतं. मापं तीच, पट्ट्या तापवायचा वेळही तोच. मग यंदा बांबूला झालं काय?

२३ जानेवारी

बाकीच्या काठ्यांच्या चिरफळ्या सरळ करत होतो. स्पिरिटच्या दिव्यावर पेर तापवायचं, मऊ पडलं की दाबून सरळ करायचं. मध्येच जळका वास आला. मला वाटलं बांबू करपला, म्हणून चिरफळी वर घेऊन बघतो तर बांबू शाबूत. ठकी ओरडली, "बाबा, बोट!" तर्जनी ज्योतीतच होती. चांगला टरटरून फोड आला.

कामाची तंद्री लागली की असं होतं. माणूस इतका बुडून जातो की त्याला कशाचं भान राहत नाही. हिने मलम लावलं आणि लावता लावता माझ्याकडे बघत राहिली. "दुखत नाही का हो?" मी म्हटलं, "मी काय कुकुलं बाळ आहे?" ती मलमाची डबी घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२७ जानेवारी

सकाळी शर्टाची बटणं लावता लावता वैताग आला. हल्ली काजं इतकी लहान शिवतात की माणसाने काय करावं! शेवटी वरून घालायचा सदरा काढला.

आज दोऱ्यांचा सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. माझी खात्री झाली होती की कंपनी चोर आहे, दोरी हलकी देते आणि डब्यावर पाच छापते. पाचच्या दोरीचे तीस फूट मोजून काट्यावर ठेवले. नऊ ग्रॅमच्या किंचित वर. बरोब्बर पाच. म्हटलं, काटाच बिघडला असेल. दोरी खिशात घालून औषधवाल्याकडे गेलो. त्याच्या काट्यावरही तेच. तो म्हणाला, "काका, हे कसलं औषध?" मी म्हटलं, "डोकेदुखीचं."

म्हणजे दोरी खरी. मग दोष बांबूचाच. ताठ निघालाय यंदाचा. ताठ काठीला जड दोरी, सरळ हिशेब आहे. मी सात लिहिलं ते योग्यच लिहिलं.

परत येताना औषधवाल्याने हाक मारली. दोरी तिथेच राहिली होती. मी खिशात टाकली असं मला पक्कं वाटत होतं, पण ती हातातून काउंटरवरच पडली म्हणे.

३० जानेवारी

घरात काहीतरी शिजतंय.

दुपारी पाणी प्यायला आत आलो तर स्वयंपाकघरात ठकी आणि हिची कुजबुज. ठकी म्हणत होती, "ऑर्डर जाऊ दे, मग सांगू." ही म्हणाली, "तोवर उशीर होईल गं." मग ठकी, "ते मानणार आहेत का? मी एक बोलले तर अंगावर धावून येतील. कारखाना म्हणजे त्यांचा जीव." मला बघितल्यावर दोघी एकदम भाजीबद्दल बोलायला लागल्या. भाजी चिरून केव्हाची झाकून ठेवली होती!

मला कळत नाही असं वाटतं का यांना? कारखाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचाय. म्हातारा आता बाजूला बसावा, नुसता येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा माराव्या. आकड्यावरून वाद घातला तो त्यासाठीच. आधी म्हणायचं म्हाताऱ्याचा नंबर चुकतो, मग म्हणायचं म्हातारा चुकतो. जावईही सामील असणार. काल उगाच विचारत होता, "बाबा, हाताला मुंग्या येतात का?" मी म्हटलं, "नाही, डोक्याला येतात, तुझे प्रश्न ऐकून."

फार वाईट वाटलं. मी काय तिला कधी नाही म्हणालो असतो? सरळ मागितला असता तर दिला असता कारखाना, आनंदाने. हे असं पाठीमागून कशाला?

४ फेब्रुवारी

नमुना मोडला.

वाटाड्याचा फोन आला. सातची दोरी लावली, जरा लांब फेकायला गेला आणि मुठीच्या वरून काठी कडाड. बरोबर पाहुणे होते. त्यांच्यासमोर. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. तो म्हणाला, "काका, तुमची काठी मोडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बारा तारखेला गावाकडे येतोय, तेव्हा उरलेल्या बघतो. पटल्या तर घेतो." पटल्या तर! आजवर मला कोणी पटल्या तर म्हणालं नव्हतं.

मी ठकीला म्हटलं, "हात दगडाचे आहेत त्याचे."

ती म्हणाली, "त्याचे नाहीत, बाबा." आणि ओट्यावरचा भुसा गोळा करायला लागली. भुसा नव्हताच ओट्यावर.

५ फेब्रुवारी

ही सकाळपासून मागे लागलीये. "एकदा डॉक्टरला दाखवून या." कशासाठी? "हातासाठी." मी म्हटलं, फोड बसतोय की! म्हणाली, "फोडासाठी नाही." मग कशासाठी ते मात्र बोलेना. डोळ्यांत पाणी आणून उभी. आता ही नवी तऱ्हा. आधी आजारी ठरवायचं आणि मग खुर्चीत बसवायचं.

मी स्पष्ट सांगितलं, "हे बघ, दुखत-खुपत असतं तर गोष्ट वेगळी. माझ्या हाताला काही म्हणजे काही होत नाही."

ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी." आता याला काय उत्तर द्यायचं?

८ फेब्रुवारी

हे कोणाला सांगितलेलं नाही.

सगळे उठायच्या आधी उजाडता उजाडता एकटाच मैदानात गेलो. अकरांतली एक काठी घेतली, पाचची दोरी लावली. आणि आज डोळे मिटले नाहीत. मुद्दाम उघडे ठेवले.

दोरी अशी गेली! मागे सरळ, मग पुढे हलका वळसा घेत, आणि गवतावर अशी उतरली की आवाज नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून असं फेकलेलं बघितलं असतं तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं, पाच. पैजेवर म्हटलं असतं. पण मूठ? मुठीत काही नाही. पुन्हा फेकली, तसंच. डोळे एक सांगतात, हात दुसरंच सांगतो. जन्मभर मी हाताचं ऐकलंय.

मग डोळे मिटून फेकायला गेलो तर काठी हातातून सुटली आणि चांगली लांब जाऊन पडली. मूठ बुचाची असते, तिला वार्निशचा हात लागला असेल, म्हणून निसटली. नीट पुसायला सांगितलं पाहिजे ठकीला.

खाली वाकून काठी उचलली आणि कोणी बघितलं नाही ना, म्हणून आधी घराकडे पाहिलं. काठीला ओरखडासुद्धा नव्हता.

१० फेब्रुवारी

भांडण. अगदी कडाक्याचं.

अकरा काठ्या तयार, फक्त आकडा आणि शेवटचं वार्निश बाकी. परवा वाटाड्या येणार, म्हणजे आज लिहायलाच हवं. मी शाई मागितली. ठकी म्हणाली, "शाई नाही."

"नाही म्हणजे? काल तर बाटली भरलेली होती."

"मी ठेवलीये. सात लिहायला मी शाई देणार नाही."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. थोडक्यात, कारखाना हवा असेल तर आताच घे, पण माझ्या आकड्यावर बोट ठेवू नकोस, असं बोललो. आणखी बरंच बोललो. तिला कारखाना हवाय हे ऐकून तिचं तोंड इतकं उतरलं की मीच क्षणभर थबकलो. इतका वेळ वाद घालणारी ती एकदम बसली ओट्यापाशी. म्हणाली, "बाबा, अकरा काठ्या मोडल्या तर मला चालेल. पण..."

मी म्हटलं, "ठीक आहे. वाटाड्यासमोरच होऊन जाऊ दे. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांध. काठी एकच, दोऱ्या तीन, हव्या त्या क्रमाने लाव. मी हाताने सांगतो कोणती कुठली. तीनही बरोबर आल्या तर सात लिहायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. एक जरी चुकली तर तू म्हणशील ते."

"नको बाबा," ती म्हणाली.

"घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. मला वाटलं, हरायला घाबरली.

१२ फेब्रुवारी

आजचं लिहायला हवं. एकेक शब्द बघून लिहितोय.

वाटाड्या दहाच्या सुमाराला आला. अकराही काठ्या त्याने उन्हात धरून पाहिल्या, डोळ्याला लावून सरळ आहेत का बघितल्या, मान हलवली. पैजेचं ऐकून तो हसला. "काका, तुमची परीक्षा मी काय घेणार!" पण थांबला. ही मागच्या दाराशी पदराने हात पुसत उभी होती. जावई शाळेत न जाता घरीच होता. आज सुट्टी नव्हती, तरी होता.

काठी मी आधी हातात घेतली, मग ठकीने रुमाल बांधला आणि त्यानंतर पहिली दोरी लावली. गाठ मारताना तिची बोटं गार होती. ते माझ्या कानामागे कळलं मला. फेकली. चार-सहा वेळा फेकली. मुठीत बारीक काहीतरी हललं.

"पाच," मी म्हटलं.

कोणी काही बोललं नाही. मी म्हटलं, निकाल शेवटी सांगायचा असेल, चांगलं आहे.

"आता दुसरी दोरी लाव," म्हणून मी काठी दिली आणि ठकीने मला दंडाला धरून बाकावर बसवलं. दोरी कड्यांतून ओवायला वेळ लागतो. हात मांडीवर उताणा ठेवून बसलो. ऊन छान होतं. वाटाड्याला नदीचं विचारलं, पाणी किती आहे, मासा वर आलाय का. त्याने काहीतरी उत्तर दिलं. मग तोही गप्प झाला. बराच वेळ झाला.

मी म्हटलं, "अगं, दोरी ओवतेस की विणतेस?"

कोणी हसलं नाही.

"ठके, दे ना काठी. माणूस खोळंबलाय."

दाराकडून हिचा हुंदका ऐकू आला. मला काही समजेना. मी म्हटलं, "सगळे मुके झालात काय? दे म्हणतोय ना, हात पुढे केलाय कधीचा!"

तेव्हा ठकीचा आवाज आला. अगदी जवळून, माझ्या गुडघ्यापाशी बसली होती ती.

"बाबा, दिलीय. काठी तुमच्या हातातच आहे."

मी बोटं मिटली. म्हणजे मिटायला सांगितलं त्यांना. मिटली की नाही, ते मला कळलं नाही. रुमाल ओढून काढला आणि खाली बघितलं. तळव्यावर काठी होती. बोटं तिच्याभोवती अर्धवट वळली होती, आणि ती कोणा दुसऱ्याचीच वाटत होती.

भीती वाटली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. जावयाने विचारलेलं आठवलं, हिचं "तेच तर म्हणतेय मी" आठवलं, आणि दोघींची ती कुजबुज. मी त्यांना काय काय बोललो होतो!

वाटाड्या भला माणूस. तो दूर गवतात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी विचारलं, "पहिली कोणती होती?"

"सात," ठकी म्हणाली.

"मी पाच म्हटलं."

"हो."

तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. रडत होती पोरगी. मी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. केस कळले. उन्हाने तापलेले होते.

"शाई आण," मी म्हटलं. "पाच लिही सगळ्यांवर. तूच लिही. आणि वाटाड्याला म्हणावं, जेवून जा, तोवर सुकतील."

ती उठली. मग मी हिला हाक मारली आणि म्हटलं, उद्या सकाळी निघू. कुठे, कोणत्या डॉक्टरकडे, ते मी विचारलं नाही. त्यांनी कधीच ठरवून ठेवलं असणार.